पिंजरे घेतले, पहारेकरी कुठे आहेत?

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी अवघ्या काही तासांत जगातील २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांतून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये रोखीने काढले गेले. व्यवहार झाले सुमारे बारा हजार. देशातही बनावट रुपे कार्डांवर अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका बँकेच्या खात्यात वळते झाले. १९०६ साली स्थापन झालेल्या, पुण्यातील असंख्य मध्यमवर्गीय घरांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकलेल्या बँकेला ९४ कोटींचे भगदाड पडले आणि एकाही शाखेचे कुलूप तुटले नाही.

एटीएमकडून आलेली मागणी ज्या स्विचमार्गे बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, त्या वाटेवरच चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला होता. मागणी मुख्य संगणकापर्यंत पोहोचतच नव्हती. ‘पैसे द्या’ हे उत्तर मधूनच परत जात होते. असा खोटा स्विच एका रात्रीत उभा राहत नाही. त्याआधी कुणीतरी परका त्या जाळ्यात शिरतो, खोल्या मोजतो, कोणत्या दाराला कोणती किल्ली लागते हे हेरतो. हे सारे घरात चालू असताना घरधन्याला पाऊल ऐकू येऊ नये, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे गाठ भुरट्या चोरांशी नव्हती, एका राजसत्तेच्या पाठबळावर चालणाऱ्या टोळीशी होती.

पुढे जे व्हायचे ते झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आखून दिली. डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार ती चार स्तरांत विस्तारली. हे आवश्यकच होते. परंतु नियम आला की त्यामागोमाग विक्रेता येतो, आणि विक्रेत्याच्या मागोमाग शब्द येतात. संचालक मंडळाच्या बैठकीत चहाबिस्किटांबरोबर ‘सँडबॉक्स’ आणि ‘हनीपॉट’ हे शब्द फिरू लागले. एकाने विचारावे, या दोहोंत फरक काय? दुसऱ्याने सांगावे, दोन्ही एकच हो, शत्रूला वेगळ्या खोलीत कोंडायची व्यवस्था! ठराव मंजूर. त्यातच रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नव्या वित्तीय सेवांच्या मर्यादित चाचणीसाठी ‘नियामक सँडबॉक्स’ सुरू केला, त्याचा संगणक सुरक्षेशी थेट संबंध नाही; पण गोंधळात भर पडायची ती पडलीच.

हा गोंधळ निरुपद्रवी नाही. ज्याला आपल्या दोन शस्त्रांतला फरक कळत नाही, त्याला आपण काय विकत घेतले आणि काय घ्यायचे राहून गेले हेही कळत नाही.

जुन्नरच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला हा फरक कुणी शिकवायची गरज नाही. उसाच्या फडाजवळ वन खाते जो पिंजरा लावते, त्याच्या एका कप्प्यात शेळी बांधलेली असते आणि दार उघडे असते. बिबट्याने यावे, आत शिरावे, हीच त्यामागची इच्छा. माणिकडोहच्या निवारा केंद्रातही पिंजरे आहेत. तिथे आत कोण आहे हे आधीच ठाऊक असते; त्याने बाहेर पडू नये आणि त्याच्यावर नजर राहावी, एवढ्यासाठी ते गज आहेत. गज दोन्हीकडे लोखंडाचेच. पण फडाजवळ कुणी माणिकडोहचा बंद पिंजरा आणून ठेवला आणि ‘झाला बंदोबस्त’ म्हणून निघून गेला, तर गावकरी त्याला काय म्हणतील? आपल्याकडच्या कित्येक संस्थांत नेमके हेच घडते, आणि तिथे हसायला गावकरी नसतात.

सँडबॉक्स म्हणजे शब्दशः लहान मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद. मुलाने आत किल्ला बांधावा, मोडावा, वाळू उधळावी. घरातल्या गालिच्यावर कण येता कामा नये. ही कल्पना जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘चेंज रूट’ नावाची सोय आली, तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला संगणकाचा एकच कप्पा दाखवून ‘हेच सारे जग’ असे भासवता येऊ लागले. १९९३ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या संशोधकांनी परक्या कोडला नेमून दिलेल्या स्मृतीबाहेर हात घालू न देण्याची युक्ती मांडली, तेव्हा ‘सँडबॉक्स’ हाच शब्द वापरला. २००८ पासून क्रोम ब्राउझर संकेतस्थळावरून आलेला मजकूर अशाच कुंपणात उघडतो. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲप हे वेगळा भाडेकरू असल्यासारखे वागवले जाते. विजेरीच्या ॲपने बँकेच्या ॲपची वही उघडू नये म्हणून.

इथे एक गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून व्हॉट्सॲपवर जी एपीके फाइल येते, ती या भिंती फोडत बसत नाही. ती नम्रपणे विचारते, ‘संदेश वाचू का?’ आणि घरातले वडीलधारे ‘हो’ म्हणतात. मग बँकेने पाठवलेला ओटीपी चोराच्या हाती पडायला किती वेळ लागतो? भिंत शाबूत असते, किल्ली मालकाने दिलेली असते. कारागिराने कितीही भक्कम सँडबॉक्स बांधला तरी त्याला असलेले हे दार घरातल्या माणसाच्याच ताब्यात आहे.

सँडबॉक्सचे दुसरे काम प्रयोगशाळेतले. संस्थेत ईमेलने आलेली संशयास्पद फाइल आधी एका नकली संगणकात उघडायची, ती काय करते ते काही मिनिटे पाहायचे, घातक वाटली तर अडवायची. बाजारात सँडबॉक्स म्हणून मोठ्या किमतीला विकले जाते ते बहुधा हेच. उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा ‘निर्दोष’ हा निकाल म्हणजे ‘या खोलीत, एवढ्या मिनिटांत, हिने काही केले नाही’ एवढाच असतो. घातक सॉफ्टवेअर लिहिणारेही काही कच्चे नाहीत. माउस हलतो आहे का, यंत्र खरे आहे की आभासी, हे त्यांचे कोड तपासते. संशय आला तर मुकाट्याने झोपी जाते आणि पहारा उठल्यावर जागे होते.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ब्रिटनच्या रुग्णालयांपासून जगभरातील कार्यालयांपर्यंत हाहाकार माजवला. त्यात एक विचित्र गोष्ट होती. सुरू होताच ते इंटरनेटवरच्या एका निरर्थक, कुणीही न नोंदवलेल्या पत्त्याला हाक मारी. उत्तर आले नाही तर विध्वंस सुरू. आले तर गप्प. का बरे? विश्लेषणाच्या सँडबॉक्समध्ये बहुधा कोणत्याही पत्त्याला खोटे उत्तर दिले जाते. तेव्हा नसलेल्या पत्त्याने ‘ओ’ दिली म्हणजे आपण पिंजऱ्यात आहोत हे ओळखून शांत बसायचे, अशी ती युक्ती असावी, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. एका तरुण ब्रिटिश संशोधकाने थोड्या पैशांत तो पत्ता आपल्या नावावर नोंदवला आणि जगभरातल्या वॉनाक्रायला आपण पिंजऱ्यातच असल्याचा भास होऊन पसरण्याचा वेग थांबला. चोराच्या सावधपणानेच चोराला नडवावे, असा प्रसंग विरळा. पण कयास खरा असेल, तर त्यातून दिसते ते हे की आक्रमक सँडबॉक्स गृहीत धरूनच घरून निघालेला असतो.

हनीपॉटची गोष्ट याच्या अगदी उलट्या टोकाने सुरू होते.

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करू लागला होता. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. अवघे ७५ सेंट! आपल्याकडे अशा फरकाला ‘राउंडिंगमध्ये गेले’ म्हणून लाल शाईने मोकळे केले असते. स्टोलने तो फरक सोडला नाही. एक अनोळखी वापरकर्ता प्रयोगशाळेच्या यंत्रात शिरत होता आणि तिथून अमेरिकेच्या लष्करी संगणकांची दारे ठोठावत होता. त्याला लगेच हाकलून देणे सोपे होते. स्टोलने त्याला येऊ दिले, त्याची प्रत्येक कळ छापून घेतली, आणि तो एखाद्या नाजूक फाइलकडे वळला की तारेवर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून ‘खराब लाइन’चा आभास निर्माण केला. पण माग काढायला तो दीर्घकाळ जोडलेला राहणे आवश्यक होते. तेव्हा स्टोल आणि मंडळींनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्र संरक्षण योजनेशी संबंधित भासणारी एक संपूर्ण खोटी शाखा आणि तिची ढीगभर खोटी कागदपत्रे रचून यंत्रावर ठेवली. मधाला मुंगी लागली. घुसखोर ती कागदपत्रे उतरवून घेत बसला आणि फोनचा माग जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. पुढे त्या खोट्या शाखेच्या पत्त्यावर माहिती मागणारे टपालही आले. त्या शाखेचे नाव त्या यंत्राखेरीज जगात कुठेच नव्हते! मार्कुस हेस हा घुसखोर आणि त्याचे साथीदार मिळवलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होते, हे उघड झाले. १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

त्या खोट्या कागदांची खरी शक्ती ध्यानात घेतली पाहिजे. त्या फायली कुणाच्याच कामाच्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना हात लावणारा प्रामाणिक कर्मचारी असूच शकत नव्हता. हनीपॉट म्हणजे नेमके हेच. ज्याचा कुणालाही वैध उपयोग नाही असे यंत्र, अशी फाइल, असे खाते आपल्या जाळ्यात ठेवून द्यायचे. त्याचे मोल त्याला अनधिकाराने कुणी स्पर्श करण्यातच आहे. सँडबॉक्सला दिवसाकाठी हजारो फायलींचा निवाडा करावा लागतो, त्यात चुका होणारच, इशाऱ्यांचा पाऊस पडणारच. हनीपॉट महिनोन्‌महिने गप्प राहील. पण ज्या दिवशी त्याची घंटा वाजेल, त्या दिवशी ती बहुतेक वेळा खरीच असेल. फार तर एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याची चूक निघेल. तो गप्प आहे म्हणून घर सुरक्षित आहे असे मात्र नाही. चोराने वाट वाकडी करून त्याला टाळले असेल, हेही शक्य आहे.

काही पापभीरू मंडळींना ही फसवणूक वाटते. शत्रूला आमिष दाखवणे सभ्यतेत बसते का, असा प्रश्न ती विचारतात. चोराला घरात ओढून आणणे आणि घरात शिरलेल्या चोरापुढे रिकामी पेटी ठेवणे यांतला भेद त्यांनी समजून घ्यावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात अमात्यांच्या निष्ठेची परीक्षा घेण्यासाठी ‘उपधा’ सांगितल्या आहेत. धर्म, अर्थ, काम आणि भय यांची खोटी आमिषे दाखवून कोण घसरतो ते पाहायचे. आधुनिक जगाचे सारे शोध आमच्याकडे आधीच होते, असे म्हणत छाती फुगवण्याचे इथे काही कारण नाही. कौटिल्याकडे सर्व्हर नव्हता. मात्र त्याने त्याच ठिकाणी दिलेला इशारा आजच्या सुरक्षा अधिकाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे: राजाने या परीक्षेत स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये. म्हणजे आमिष म्हणून खरी ठेव वापरू नये. खऱ्या ग्राहकांच्या माहितीची प्रत हनीपॉटमध्ये टाकून ‘हुबेहूब’ झाल्याचे समाधान मानणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवायला हवे.

हे दोन्ही पिंजरे एकत्र कुठे येतात, याचेही उदाहरण इतिहासात आहे. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बिल चेस्विक यांनी एका घुसखोराला खोटी पासवर्ड फाइल देऊन खेळवले. त्याला त्यांनी ‘बर्फर्ड’ असे टोपणनाव दिले होते. पुढे त्याच्यासाठी ‘चेंज रूट’च्या साह्याने एक ‘तुरुंग’ उभारला आणि तो आत काय करतो ते पाहत बसले. भिंत सँडबॉक्सची होती, हेतू हनीपॉटचा होता. हे अपरिहार्यच होते, कारण मधाभोवती भिंत नसेल तर आत आलेला चोर आपल्याच ओसरीवरून शेजाऱ्याच्या घरावर दगड मारील आणि पोलीस आपल्या दारात येतील. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘हनीनेट प्रोजेक्ट’नेही आपल्या सापळ्यांभोवती बाहेर जाणारी रहदारी रोखणारी खास भिंत उभी केली. तेव्हा हनीपॉटला सँडबॉक्स लागतो, हे खरे. उलट मात्र नाही. सँडबॉक्सला मध लागत नाही. आणि २०१० मध्ये ‘कुकू सँडबॉक्स’ हे विश्लेषणाचे मुक्त सॉफ्टवेअर याच हनीनेट प्रोजेक्टच्या छत्राखाली जन्माला आले, तेव्हा दोन्ही नावे एकाच घरात नांदू लागली. सापळ्यात सापडलेला प्राणी तपासायला प्रयोगशाळा हवी, एवढाच त्या नात्याचा अर्थ. ‘दोन्ही एकच’ म्हणणाऱ्यांनी नाते पाहिले, अर्थ पाहिला नाही.

पण समजा, फरक समजला. दोन्ही विकत घेतले. पुढे काय?

२०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील ‘टार्गेट’ या अवाढव्य विक्री साखळीत चोर शिरले. कंपनी निष्काळजी होती असे म्हणता येणार नाही. तिने त्याआधी काही महिने संशयित फायली आभासी यंत्रांत उघडून पाहणारी ‘फायरआय’ची प्रणाली सुमारे १६ लाख डॉलर खर्चून बसवली होती. त्या प्रणालीने आपले काम चोख केले. ३० नोव्हेंबरला तिने घातक सॉफ्टवेअर पकडले आणि इशारा दिला. तो इशारा पाहिला कुणी? बंगळूरमध्ये बसलेल्या भारतीय तरुणांनी! त्यांनी तो मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही. मुख्यालय ढिम्म हलले नाही. पकडलेले सॉफ्टवेअर आपोआप पुसून टाकण्याची सोय त्या प्रणालीत होती. ती बंद करून ठेवलेली होती. चार कोटी कार्डांचा तपशील आणि सात कोटी ग्राहकांची व्यक्तिगत माहिती चोरीस गेली. मे २०१४ मध्ये कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला पद सोडावे लागले.

या प्रकरणाकडे भारतीय वाचकाने जरा निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. जागे राहिले ते आपले लोक. घंटा ऐकली ती आपल्या लोकांनी. परंतु हुकूम देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. अमेरिकेच्या दुकानाचा रात्रपहारा करायला जी बुद्धी आणि जी निष्ठा आपल्याकडे उपलब्ध आहे, ती आपल्या बँकेच्या, आपल्या रुग्णालयाच्या, आपल्या वीजकेंद्राच्या पहाऱ्यावर का दिसत नाही? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये खंडणीखोरांनी सर्व्हर ठप्प केले आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला पंधरवडाभर कागद-पेन घेऊन रुग्णांची नोंद करावी लागली. तिथे संगणक कमी होते म्हणून हे झाले काय?

कुडनकुलमचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी अणुवीज प्रकल्पाच्या वतीने हल्ल्याचे वृत्त फेटाळण्यात आले. दुसऱ्याच दिवशी न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडले होते. अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे त्यापासून अलग असल्याने सुरक्षित राहिले. ही अलगता म्हणजेच सँडबॉक्समागचा विचार, आणि तो तिथे देशाच्या उपयोगी पडला. त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. मात्र त्याच निवेदनात असेही होते की ही गोष्ट ४ सप्टेंबरला ‘सर्ट-इन’च्या लक्षात आली आणि तिने ती कळवली. म्हणजे भिंत टिकली, पण निवेदनात दिसते ती घंटा बाहेरून वाजलेली. आपल्या अंगणात परका फिरतो आहे हे अंगणातल्याच कुणी ओरडून सांगण्याची व्यवस्था भिंत बांधल्याने आपोआप होत नाही. ती निराळी करावी लागते.

ती होत का नाही? कारण त्यात फारसा पैसा नाही, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. सँडबॉक्स ही मोठ्या निविदेची वस्तू आहे. तिला डबा आहे, परवाना आहे, वार्षिक देखभालीचा करार आहे. उद्घाटनाला फीत कापता येते आणि तपासणीला येणाऱ्या लेखापरीक्षकाला दाखवता येते. साधा हनीपॉट जुन्या संगणकावरही चालतो. ‘काउरी’, ‘ओपनकॅनरी’ यांसारखी सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत. ‘संचालक मंडळ – वेतन – गोपनीय’ अशा नावाची एक निरुपयोगी फाइल ठेवायला आणि ती उघडली गेली की एका माणसाचा फोन वाजेल अशी तार जोडायला किती कोटी लागतात? यात दलाली कुणाला मिळणार? म्हणून सल्लागारांच्या अहवालात ती शेवटच्या पानावर ‘प्रगत उपाय’ म्हणून झोपलेली असते.

यावर एक आक्षेप येतो तो अगदीच टाकाऊ नाही. तालुक्याच्या गावच्या सहकारी बँकेत संगणकाचा माणूस म्हणून जो एकटा जीव असतो, तोच प्रिंटर दुरुस्त करतो, तोच पासबुकाची शाई बदलतो. त्याने शत्रूशी कूटयुद्ध खेळायचे का? नाही. चोराला दिवसेंदिवस खेळवणारा, संपूर्ण यंत्र त्याच्या हाती देणारा हनीपॉट हे त्याचे काम नव्हे. तो अर्धवट ज्ञानाने उभारला तर चोराचाच तळ होऊन बसेल. पण नुसती दाराची नक्कल करणारा, आत काहीच नसलेला हनीपॉट त्याच्या आवाक्यातला आहे. त्याला चोराशी बोलायचे नाही. कुणीतरी कडी वाजवली, एवढेच त्याने ऐकायचे आहे आणि ऐकल्यावर ज्याला कळवायचे त्याचे नाव आणि फोन आधीच ठरलेले असायला हवे. शनिवारी दुपारीही. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ‘सर्ट-इन’ला घटना सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे; ते सहा तास घटना लक्षात आल्यापासून मोजले जातात. जिथे लक्षातच येत नाही, तिथे घड्याळ सुरूच होत नाही.

नागरी सहकारी बँकांची देशातली सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. निवृत्तिवेतनातून, मंगळसूत्र मोडून, मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेल्या ठेवी त्यांत आहेत. या ठेवीदारांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांश किती टक्के, हे जरूर विचारावे. पण त्याच सभेत आणखी तीन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. सुरक्षेसाठी घेतलेले यंत्र आत आलेल्या फायली तपासते, की आत शिरलेला माणूस ओळखते? त्याने गेल्या वर्षी किती वेळा इशारा दिला? आणि तो इशारा रात्री दोन वाजता आला, तर कोण उठते? पहिल्या प्रश्नाला तंत्रज्ञ उत्तर देईल, दुसऱ्याला विक्रेता. तिसऱ्या प्रश्नाला व्यासपीठावर शांतता पसरली, तर ठेवीदारांनी खाली बसू नये.

कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहणारे आणि त्यांना उभे करणारे असे ते लोक होते. खोटा स्विच उभारणारा त्यांत कुणी नव्हता.